हिवाळा साठवणारा

बिश्केक, १५ जानेवारी

प्रिय कालिपा वहिनी,

फोनवर तुझ्याशी धड बोलता येत नाही. तू टेकडी चढून फोन लावणार, वारा घोंगावणार, आणि निम्मा वेळ "ऐकू येतंय का, ऐकू येतंय का" यातच जाणार. म्हणून कागद घेतला. तुमच्या गावचा अब्दिश परवा गाडी घेऊन तुमच्याकडे निघतोय. त्याच्या हाती हे पत्र, चहा आणि तुझ्या शाळेसाठी रंगीत खडू देतेय.

मुद्द्यावर येते. आमचा "बारा मिनिटं" हा कार्यक्रम तुला ऐकून माहीत आहे. दर एप्रिलमध्ये सहाशे माणसं नाट्यगृहात जमतात. दहा जण बोलतात. प्रत्येकाला बारा मिनिटं, हातात कागद नाही, पुढ्यात टेबल नाही. पायाखाली लोकरीचं गोल जाजम आणि समोर उलटं चालणारं घड्याळ. मेंढीच्या लोकरीपासून घराच्या भिंती करणारा एक जण येतो, आंधळ्या मुलांना घोड्यावर बसायला शिकवणारी एक बाई येते. पुढच्या वीस-तीस वर्षांत माणूस काय काय करू शकेल, याच्या गोष्टी. त्या बोलणाऱ्यांची तयारी करून घेणं हे माझं काम. तू म्हणे माझ्या भावाला म्हणालीस, "नणंदबाईंना बोलायला शिकवायची नोकरी लागली, देवाने माणूस बरोबर निवडला." पोचलं हो माझ्यापर्यंत! रशियातल्या बांधकामावरून माझा भाऊ दुसरं काही कळवत नाही, चहाड्या मात्र वेळेवर कळवतो.

तर यंदा मला तू हवी आहेस. थंडीत झऱ्याचं पाणी गोठवून तू जो बर्फाचा डोंगर उभा करतेस आणि जुलैत मेंढरांना पाजतेस, त्याच्यावर. वर्तमानपत्रातला तो लेख आमच्या सगळ्यांनी वाचलाय. लाजू नकोस. चार वर्षं मी पडद्यामागे उभी राहून बघतेय, लोक त्या सभागृहातून बाहेर पडताना थोडे ताठ चालतात. मला ते खरंच आवडतं. तुझं बोलणं लिहून पाठव, मी दुरुस्त करते.

आणि पत्रावर वार लिहिताना अजून "मंगळवारचा दुसरा दिवस" असंच लिहितेस का गं? सासऱ्याचं नाव सुनेनं घ्यायचं नाही, हे ठीक. पण बाबांचं नाव शार्शेन आणि बुधवार म्हणजे शार्शेम्बी, म्हणून बुधवारालाही तू बावीस वर्षं वाळीत टाकलंयस. त्या वाराने तुझं काय घोडं मारलंय?

बाबा कसे आहेत? फोनवर "बरा आहे" यापुढे जात नाहीत.

तुझी,
तुर्सुनाय

तेरेक-बाशी, २४ जानेवारी, मंगळवारचा दुसरा दिवस

गोरटेली,

हस, हवं तेवढं हस. मी या घरात आले तेव्हा तू शिकायला निघून गेली होतीस. नवऱ्याच्या धाकट्या बहिणीचंही नाव घ्यायचं नसतं, म्हणून भिंतीवरचा तुझा फोटो बघून मी तुझं नाव गोरटेली ठेवलं. आता तुझे केस पांढरे व्हायला लागलेत म्हणे. माझ्याकडून तू गोरटेलीच राहणार.

चहा पोचला. खडू पोचले, निळा मात्र एकही अखंड नाही. अब्दिश म्हणतो, रस्त्याचा दोष. रस्ता काही बोलत नाही, त्यामुळे त्याच्यावर सगळं खपतं.

तुझं पत्र वाचून पहिल्यांदा मी नाहीच म्हटलं. सातवीच्या वर्गात गणित शिकवते तेवढं माझं बोलणं पुरे. मग चार दिवस विचार केला आणि येते म्हणते. कारण सांगते. तो लेख तुम्हाला आवडला, पण त्यात एक मोठी चूक राहून गेली. लेख लिहिणारी बाई आली तेव्हा थोरले वर मेंढरांकडे होते. "हे कोणाला सुचलं?" असं तिनं विचारलं. मी म्हटलं, "आमच्या घरच्या थोरल्यांना." माझ्या तोंडून याहून जास्त येत नाही, तुला माहीत आहे. कोणी जवळ असतं तर मी म्हटलं असतं, "बाई गं, एवढं नाव सांग," आणि कोणीही सांगितलं असतं. आम्ही दोघीच होतो. तिनं छापलं काय, तर "पूर्वजांच्या शहाणपणातून स्फूर्ती घेऊन शिक्षिका कालिपा यांनी." थोरले जिवंत आहेत गं! त्यांचे तिने पूर्वज करून टाकले.

ती चूक मला चारचौघांत दुरुस्त करायची आहे. तेवढ्यासाठी येते.

बोलणं असं करीन म्हणते. सामुदायिक शेती मोडली त्या साली थोरल्यांनी मेंढवाड्याजवळ एक फुटका पाइप बघितला. हिवाळाभर त्यातून पाणी उडत होतं आणि गोठून पुरुषभर उंच ढीग झाला होता. तो ढीग कोकरांचं दूध तुटेपर्यंत टिकला. ते गावसभेत उभे राहिले आणि म्हणाले, "आपण हिवाळा साठवू या. उन्हाळ्यात कामाला येईल." सभा हसली. त्यानंतर एकतीस वर्षं ते सभेत बोलले नाहीत. सहा वर्षांपूर्वी दुष्काळात मेंढरं पडायला लागली, तेव्हा मला त्यांनी हे चुलीपाशी सांगितलं. आम्ही दोघांनी वरच्या झऱ्यापासून पाइप आणला. पहिल्या वर्षी घळीत बर्फ आडवा पसरला तो मेमध्येच संपला. मी मुलांच्या शंकूच्या गणितावरून म्हटलं, उन्हाला कमीत कमी अंग दिसलं पाहिजे, तर पाइपाचं तोंड आभाळाकडे करून उभा करू. उभा केलेला पंधरा जुलैपर्यंत टिकला. तेव्हापासून एकही मेंढी तहानेनं गेली नाही.

एवढंच आहे. बारा मिनिटं कशी भरायची?

यंदा बर्फ चांगला धरलाय. थोरले बरे आहेत, सध्या वरच्या मेंढवाड्यावर असतात. त्यांना तिकडं बरं वाटतं.

कालिपा

बिश्केक, ३ फेब्रुवारी

प्रिय वहिनी,

तुला वाटतं तुला बोलता येत नाही! "हिवाळा साठवू या" हे वाक्य ऐकून आमचे संयोजक खुर्चीतून उठलेच. कार्यक्रमाच्या कागदावर तुझ्या भाषणाचं नाव तेच पडणार. सहा एप्रिल, शनिवार. संध्याकाळी पाचला सुरुवात, तू चौथी.

सोबत तुझंच बोलणं दुरुस्त करून पाठवतेय. लाल शाई बघून घाबरू नकोस, तूही मुलांच्या वह्या अशाच करतेस. सुरुवात मेंढीपासून कर. तहानेनं पडलेली मेंढी, तू तिच्यापाशी बसलेली. लोक तिथेच तुझे होतील. मग फळ्यावरचा शंकू, मग पाइप, मग पंधरा जुलै. शेवटी पुढचं स्वप्न सांग, प्रत्येक घळीत एक बर्फाचा डोंगर.

"थोरले" काढून टाकलेत. रागावू नकोस. गेल्या वर्षी तीन जणांनी पूर्वजांचं शहाणपण सांगितलं, तिसऱ्याला लोक जांभया देत होते. गोष्ट एकाच माणसाची असली की मनात बसते. एक बाई, एक फळा, एक डोंगर. सभेत लोक हसले तो भागही नको. एकदा सभागृहात हसू आलं की ते आवरत नाही.

हात कमरेवर ठेवू नकोस, वर्गात ठेवतेस तसे. थांबायचं तिथे थांब, मनात तीन मोज आणि मग पुढे बोल. आरशासमोर रोज दोनदा म्हण. आणि तो पांढरा रुमालच बांधून ये, तुला शोभतो.

येताना कुरुत आण, आपल्या घरच्या दह्याच्या वाळवलेल्या खारट गोळ्या. इथल्या बाजारातल्या कुरुताला ना मीठ, ना चव.

तुर्सुनाय

तेरेक-बाशी, १७ फेब्रुवारी

गोरटेली,

तुझा कागद आला. मी मुलांच्या वह्या लाल शाईनं तपासते हे खरं, पण कोणाच्या वडिलांना मी आजवर खोडलं नाही.

ते "थोरले" त्या पेपरवाल्या बाईला कळले नाहीत, कारण ती परकी. तुला कसे कळले नाहीत? या घरात थोरले एकच आहेत. तुला कळलंच नसेल, कामाच्या घाईत असशील, असं मी स्वतःला दोन दिवस समजावलं. तिसऱ्या दिवशी समजूत पटेना.

मागच्या पत्रात एक गोष्ट मी झाकली, आता सांगते. थोरल्यांना मेंढवाड्यावर बरं वाटतं म्हणून ते तिथं गेलेले नाहीत. लेख आला नोव्हेंबरात. शेजाऱ्यानं तो त्यांना मोठ्यानं वाचून दाखवला. त्यांनी ऐकलं, चहा पुरे म्हणून पेला पालथा घातला आणि चौथ्या दिवशी घोंगडी घेऊन वर गेले. मेंढरं व्यायला अजून चार महिने होते. तेव्हापासून माझ्या हातचा चहा त्यांनी घेतलेला नाही. मी भाकरी आणि सूप पाठवते, भांडं घासून परत येतं. निरोप काही नसतो.

आणि हे बघ. रोज सकाळी शाळेआधी मी गरम पाण्याची किटली घेऊन घळीत जाते, पाइपाचं तोंड गोठलेलं असतं ते मोकळं करायला. मी पोचते तेव्हा ते आधीच मोकळं झालेलं असतं. बर्फात त्यांच्या काठीची भोकं दिसतात, वर मेंढवाड्याकडे गेलेली. म्हणजे काम आम्ही दोघंही करतो, फक्त एकमेकांसमोर येत नाही. बावीस वर्षांत ते मला एक उणा शब्द बोलले नाहीत. त्यांना वाटतंय, सुनेनं आपलं चोरलं. रोज मला ती भोकं बघून रडू येतं, आणि मग मी शाळेत जाऊन अपूर्णांक शिकवते.

मी त्यांचं नाव घेऊ शकत नाही. तू घेऊ शकतेस. तू त्यांची मुलगी आहेस. तुझ्या पडद्यावर लिही, फोटो लाव, काय वाटेल ते कर. पण ते त्या गोष्टीत नसतील तर मीही नाही. एक बाई आणि एक फळा असा डोंगर होत नाही. होत असता तर प्रत्येक शाळेमागे एकेक असता.

कुरुत करून ठेवलंय. आले तर आणीन.

कालिपा

बिश्केक, २६ फेब्रुवारी

वहिनी,

मला कळलं होतं. तुझं पत्र उघडलं तेव्हाच "थोरले" म्हणजे कोण ते कळलं होतं. जांभया वगैरे सगळं मी रचलं. लोकांना बोलायला शिकवता शिकवता खोटं छान सजवता यायला लागलंय.

त्या सभेत मी होते. आईला जाऊन तीन वर्षं झाली होती, घरी कोणी नाही म्हणून बाबा मला बरोबर घेऊन जायचे. नऊ वर्षांची होते. शाळेच्या मोठ्या वर्गात सभा होती, मी खिडकीच्या कट्ट्यावर बसले होते. बाबा उभे राहिले, टोपी हातात घेतली आणि ते वाक्य बोलले. आधी एक जण हसला. मग सगळे. कोणीतरी ओरडलं, "शार्शेन, थोडा उन्हाळाही बरणीत भरून ठेव!" आणि वहिनी, मीही हसले. सगळे हसत होते म्हणून हसले, मोठ्यानं हसले. बाबांनी खिडकीकडे बघितलं. टोपी घातली, खाली बसले.

घरी येताना ते काही बोलले नाहीत. पुढे शाळेत मुलं मला "हिवाळेवाल्याची पोर" म्हणायची, तेव्हा मला त्या मुलांचा राग यायला हवा होता. मला बाबांचा यायचा. गाव सोडायची एवढी घाई मला कशाची होती, ते तुला आता कळलं असेल.

आणि काम कसलं मिळालं बघ. जगात कोणीही उठून काहीतरी अचाट बोलावं आणि लोकांनी हसू नये, म्हणून मी रोज धडपडते. अनोळखी माणसांना सांगते, घाबरू नका, तुमचं स्वप्न मोठ्यानं सांगा. माझ्या स्वतःच्या बापाचं वाक्य समोर आलं तेव्हा मी लाल पेन काढलं. मला भीती वाटली. सहाशे माणसं पुन्हा हसतील, आणि मी पुन्हा त्या खिडकीत बसलेली असेन.

तू ये. तुझं बोलणं जसं होतं तसंच ठेव, एक शब्द बदलू नकोस. बाबांना सांग किंवा सांगू नकोस, ते तुझ्यावर सोडते.

तुर्सुनाय

तेरेक-बाशी, ८ मार्च

गोरटेली,

येते. अब्दिशच्या गाडीत जागा सांगितली आहे.

थोरल्यांना हे मी सांगणार नाही. खिडकीतलं तुझं तूच सांग, त्यात मी मध्ये यायचं नाही. ऊर मात्र भरून आला वाचून. नऊ वर्षांची, बिनआईची पोर. जवळ असतीस तर आधी एक रट्टा दिला असता, मग जेवायला वाढलं असतं.

नावाचं असं करू. मी त्या जागी येईन आणि थांबेन. पडद्यावर अक्षरं नकोत, फोटोही नको. नाव कोणी तरी तोंडानं घ्यावं लागतं. तू बाजूला उभी असशीलच. मी तुला विचारीन, तू सांग.

कालिपा

बिश्केक, ८ एप्रिल

बाबा,

मी तुम्हाला आजवर पत्र लिहिलेलं नाही. फोन करते, तब्येत विचारते आणि तुम्ही "बरा आहे" म्हटलं की सुटले असं वाटून ठेवून देते. हे पत्र वहिनीबरोबर पाठवतेय. ती उद्या निघेल.

शनिवारी काय झालं ते ती स्वतः सांगणार नाही, म्हणून मी सांगते. सभागृह भरलं होतं. तिच्या आधी एक डॉक्टर बोलले, नवं काळीज छापून काढता येईल असं काहीतरी. लोक भारावून गेले होते. मग वहिनी आली. पांढरा रुमाल, शाळेचे बूट. जाजमावर उभी राहिली आणि हात कमरेवर ठेवले. मी पडद्यामागे कपाळाला हात लावला.

ती म्हणाली, "आमच्या गावात एकतीस वर्षांपूर्वी एक माणूस सभेत उभा राहिला आणि म्हणाला, हिवाळा साठवू या." बाबा, सभागृह हसलं. मागून एक जण, मग बरेच. वहिनी थांबली. हसू पुरतं संपू दिलं, वर्गात देते तसं. मग म्हणाली, "हसा. आमचं गावही हसलं होतं. आता आमची मेंढरं जुलैत त्या वाक्याचं पाणी पितात." मग तिनं फुटका पाइप सांगितला, आडवा बर्फ सांगितला, उभा सांगितला. हातांनी असा काही शंकू काढला की पहिल्या रांगेतले लोक वर बघायला लागले.

आणि मग म्हणाली, "ज्यांना हे सुचलं त्यांचं नाव मी तुम्हाला सांगू शकत नाही. मी त्यांची सून आहे." सभागृहातल्या म्हाताऱ्या बायकांनी माना डोलावल्या. तरुण मुलं एकमेकांकडे बघू लागली. वहिनी माझ्याकडे वळली. "गोरटेली, सांग."

ठरलं होतं आमचं. माझ्या हातात ध्वनिक्षेपक होता. एक शब्द बोलायचा होता. घड्याळात तीन मिनिटं चाळीस सेकंद उरली होती, मग तीस, मग वीस. लोकांना वाटलं असेल ही बाई विसरली. मी दुसऱ्यांना सांगते, थांबा, मनात तीन मोजा. मी वीस मोजले. वहिनी घाई करीत नव्हती. नुसती बघत होती.

मी पडद्यामागून बाहेर आले. तिच्या शेजारी जाजमावर उभी राहिले आणि म्हणाले, "शार्शेन." ध्वनिक्षेपक हातात खालीच राहिला होता, मलाच ऐकू आलं नाही. तिसऱ्या रांगेतून एक आजी ओरडली, "काय म्हणालीस? नीट बोल की बाई, आम्ही लांबून आलोय!" मग मी ओरडले. "शार्शेन. माझे वडील. त्यांचं नाव शार्शेन." लोक उभे राहिले, बाबा. टाळ्या थांबेनात. नारीन भागातल्या दोन मेंढपाळांनी नंतर वहिनीला गाठून पाइपाची मापं लिहून घेतली. एकाने विचारलं, "शार्शेन आजोबांना येऊन भेटलं तर चालेल का?"

आता जे लिहायचं आहे ते लिहिते. त्या सभेत, त्या खिडकीत, मीही हसले होते. तुम्हाला दिसलं होतं की नाही मला माहीत नाही. एकतीस वर्षं मी देवाला म्हणतेय, दिसलं नसू दे. मला क्षमा करा.

वहिनीने तुमचं काही चोरलेलं नाही. पेपरात तुमचं नाव राहून गेलं, कारण ते घ्यायची तिला मुभा नव्हती. तिच्यावरचा राग सोडा. तिच्या हातचा चहा घ्या.

तुमची,
तुर्सुनाय

तेरेक-बाशी, २१ एप्रिल

तुर्सुनाय,

अक्षर माझंच आहे. ओळी वाकड्या आहेत, वेळ घेऊन वाच.

तू हसलीस ते मला दिसलं होतं. नऊ वर्षांच्या पोरीनं काय करायला हवं होतं? रडायला? तू रडली असतीस तर मला ते जड गेलं असतं. निदान पोरीला गंमत वाटली, असं म्हणून मी घरी आलो. वाटेत बोललो नाही, कारण काय बोलावं ते मला सुचलं नाही. तू ही गोष्ट एवढी वर्षं उराशी धरून बसली असशील, असं माझ्या मनातही आलं नाही. क्षमा कसली मागतेस? ये इकडे, मेंढरं व्यायली आहेत, कोकरं बघ.

आता तुम्हा दोघींचा गैरसमज. मी कशाला रागावू तिच्यावर? सुनेला नाव घेता येत नाही हे मला शिकवायला हवं का? झालं होतं ते वेगळंच. लेख यायच्या आठ दिवस आधी मी चार म्हाताऱ्यांत बसून फुशारकी मारली होती, "बघा, आता पेपरात माझं नाव येणार. तुम्ही हसला होतात ना?" आणि पेपर आला तो असा. त्या म्हाताऱ्यांनी मला धारेवर धरलं. "काय रे, सुनेच्या कामावर मिरवतोस?" मला तोंड दाखवायला जागा राहिली नाही. तिच्यासमोर तर नाहीच. ती चहा ओतायची आणि मला वाटायचं, हिला कोणी सांगितलं असेल. म्हणून वर गेलो. सकाळी पाइप मोकळा करायचो तो तिचे कष्ट वाचावेत म्हणून. ती आली की तोंड चुकवायचो. म्हातारा माणूस लाजतो तेव्हा रागावल्यासारखा दिसतो, हे मला आता कळतंय.

ती परत आली त्या दिवशी शहरातली बातमी मेंढवाड्यापर्यंत पोचली, तसा मी घोंगडी गुंडाळून खाली आलो. तिनं अर्धा पेला चहा ओतला, बसा म्हणायचं असतं तेव्हा ओततात तसा, मी प्यालो, तिनं पुन्हा ओतला. सात पेले प्यालो. तुझं पत्र तिनं माझ्या हातात दिलं आणि बाहेर जाऊन बसली.

परवा गावसभा होती, वरच्या घळीत दुसरा डोंगर करायचा म्हणून. मी गेलो. बोलायचं ठरवलं नव्हतं. सरपंच म्हणाला, "शार्शेन, सगळा देश तुझं नाव घेतोय, तूही काहीतरी बोल." मी उठलो. खोली तीच आहे, खिडकीही तीच. टोपी हातात घेतली आणि बोलायला गेलो तेव्हा लक्षात आलं, मला सांगायचंय ते दुसऱ्या कोणाचं तरी आहे. मी म्हटलं, "मला नुसतं सुचलं होतं. पंचवीस वर्षं ते माझ्यापाशी पडून होतं, त्यानं एक मेंढी जगली नाही. मी बर्फ आडवा घातला. उभा केला तो तिनं."

एवढं बोलून मी थांबलो. "तिनं" म्हटलं होतं. कारण तुर्सुनाय, बावीस वर्षांत मी तिला नावानं हाक मारलेली नाही. "बाळ" म्हणतो, "पोरी" म्हणतो, "अगं" म्हणतो. तिला माझं नाव घ्यायची बंदी आहे, आणि ती बिचारी त्यासाठी एवढ्या लांब जाऊन सहाशे लोकांसमोर उभी राहिली. मला कोणी बंदी घातली होती?

ती दाराशी बायकांत उभी होती. मी तिच्याकडे बघून मोठ्यानं म्हटलं, "कालिपा. ती माझी सून कालिपा."

कोणी हसलं नाही. तिनं रुमाल डोळ्यांवर ओढला. मी आणखी एकदा म्हटलं, कारण म्हणायला बरं वाटत होतं.

तुझा बाप,
शार्शेन